काळी, पांढरी आणि दगडी घर

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची मूळ घरे खेड तालुक्यातील गावोगावी आहेत. पोटापाण्यासाठी आता पिंपरी, भोसरी वा चाकण येथे वास्तव्य असले, तरी ‘गावाकडचे घर’ म्हणताच डोळ्यांपुढे उभे राहते ते काळ्या दगडाचे जोते. त्या घराविषयी चार शब्द येथे सादर करीत आहोत.

राजगुरुनगरात भीमेच्या तीरावरील राजगुरुवाडा सर्वांच्या परिचयाचा आहे. दि. २४ ऑगस्ट १९०८ रोजी शिवराम हरी राजगुरू येथे जन्मले आणि दि. २३ मार्च १९३१ रोजी लाहोर येथे भगतसिंग व सुखदेव यांच्यासह फासावर गेले. खेडचे राजगुरुनगर झाले ते त्यांच्याच नावाने. त्यांचा वाडा स्मारक म्हणून राखला गेला, हे उचितच झाले. परंतु त्याच पाषाणात बांधलेली शेतकऱ्यांची कितीतरी घरे या तालुक्यात आहेत. त्यांत हुतात्मे जन्मले नाहीत, नांगर धरणारे जन्मले. त्यांची नोंद कोणी ठेवावी?

जुन्या कागदपत्रांत गावाची दोन अंगे सांगितली आहेत. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. शेतकऱ्याचे घर या दोहोंना जोडणारे असे. त्याचा दगड सह्याद्रीचाच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला हा पाषाण पाणी फारसे शोषीत नाही. म्हणून जोते दगडाचे आणि त्यावरील भिंत पुष्कळदा पांढऱ्या मातीची किंवा विटांची. संपन्न कुटुंबाची भिंत वरपर्यंत दगडी. अशा भिंतीस दोन अंगे असत, मध्ये लहान दगड व चिखलाची भर, आणि ठिकठिकाणी दोन्ही अंगे बांधणारा लांब दगड. पश्चिमेस भीमाशंकराकडे पाऊस फार, म्हणून तिकडे छप्पर उतरते. पूर्वेस पाऊस कमी, म्हणून मातीचे धाबे.

आतील रचना शेतीच्या सोयीची असे. ओसरीवर येणाऱ्याजाणाऱ्याची बैठक, माजघरात देव व धान्य, मागे चूल व न्हाणी. बैलांचा गोठा घरालगतच, कारण बैल गेला तर पेरणी गेली. भिंतीलगत बळद आणि जमिनीत पेव, ही वर्षभराच्या धान्याची ठेव. दाराच्या आतून आडवा सरकणारा अडसर आणि उंचावरील लहान झरोके हे निव्वळ हौसेचे नव्हते. १८०२ साली यशवंतराव होळकरांची पुण्यावर स्वारी झाली, मुलूख लुटला गेला व पाठोपाठ १८०३-०४ चा भीषण दुष्काळ पडला. असे दिवस पाहिलेल्या पिढ्यांनी भिंत जाड व दार भक्कम ठेवले, यात नवल नाही.

पुढे काळ पालटला. १९५४ साली पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि कालांतराने चाकणच्या माळावरही कारखाने उभे राहिले. काळी विकली गेली आणि पांढरीतील घराचे प्रयोजन सरले.

आमच्या स्वतःच्या घराचीही वाटणी झाली. बंधूंनी आपले तीन खण उतरविले. त्यांना दोष देववत नाही. गळक्या छपराखाली सुनांनी किती पावसाळे काढावेत? भिंत फुटली तेव्हा बळदाच्या तळाशी काळी पडलेली मूठभर बाजरी निघाली. ती कोणी भरली होती, हे सांगणारे घरात कोणी उरले नव्हते. आम्ही आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविला, गडांची नावे घोकून घेतली. पण आपल्याच घराची भिंत त्या दिवशी प्रथम मोजली. पावणेदोन हात भरली. दुसऱ्या दिवशी दगड ट्रकमध्ये भरून गेले.

जुनी घरे पाडू नयेत, असे आम्ही म्हणत नाही. मात्र पाडण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने खण मोजावेत, छायाचित्रे घ्यावीत, घर कोणी व केव्हा बांधले हे वडीलधाऱ्यांना विचारून वहीत उतरावे आणि तिची एक प्रत आपल्या संस्थेकडे द्यावी. दगड हलले तरी चालतील, घराची हकीकत हरवू नये, एवढीच समाजबांधवांस व भगिनींस नम्र विनंती.