आकुर्डीची जागा आणि कायद्यातील एक नोंद

वाङ्मयाच्या अभ्यासकांनी कधीतरी कायद्याची कलमेही बारकाईने वाचावीत, असे आम्हांस वाटते. 1947 च्या औद्योगिक विवाद अधिनियमात 1956 च्या दुरुस्तीने चौथी अनुसूची आली. जे बदल करण्यापूर्वी मालकाने कामगारांना 21 दिवसांची सूचना द्यावयाची, त्यांची ही यादी. तिच्या दहाव्या नोंदीत, कामगारकपात संभवेल असे ‘विवेकीकरण’ आणि यंत्रे वा कार्यपद्धती यांतील सुधारणा येतात. (या शब्दात विवेक कोठून शिरला, हे एक कोडेच आहे.) नोंद वाचताना आमच्या डोळ्यांसमोर मुंबईच्या गिरण्या येतात. 1928 च्या सहा महिन्यांच्या संपात, विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत काय, हा एक कळीचा प्रश्न होता. तेथे सुधारणा आणि तिची झळ सोसणारा कामगार एकाच छपराखाली होते.

विजेवरच्या वाहनांकडे होणाऱ्या स्थित्यंतरात ते छप्पर राहत नाही. 1972 साली बाजारात आलेल्या ‘चेतक’ स्कूटरचे माहेर म्हणजे बजाजचा आकुर्डी कारखाना. तेथील उत्पादन 2007 साली थांबले. त्याचे कारण वीज नव्हे, हे खरे. त्याच जागी जून 2022 मध्ये विजेवरच्या ‘चेतक’चा कारखाना उभा राहिला, तो चेतक टेक्नॉलॉजी या उपकंपनीचा. नाव तेच, जमीन तीच, मधे पंधरा वर्षे. कपात झालेल्या कामगारास पुन्हा भरतीत प्राधान्य देणारे 25-एच हे कलम जुन्या कायद्यात होते; पण स्वेच्छानिवृत्ती ही कायद्याच्या व्याख्येत कपातच नव्हे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने तर या प्राधान्याला एका वर्षाची मुदत घातली.

चाकणची गोष्ट आणखी अवघड. पिस्टन, झडपा, सायलेन्सर यांची गरज विजेच्या गाडीला नाही. हे भाग घडविणाऱ्या लहान कारखान्यात कोणतीच सुधारणा होत नाही. मोठ्या कंपनीची मागणी तेवढी आटते. मग दहाव्या नोंदीचा आधार कसा घ्यावा? कपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन 1976 साली 300 कामगारांच्या कारखान्यांवर आले, 1982 च्या दुरुस्तीने ते 100 वर उतरले, आणि संहितेने पुन्हा 300 वर नेले. लहान कारखान्यातील कामगारास भरपाई मिळते, परवानगीची ढाल मिळत नाही.

संहितेत पुनर्कौशल्य निधीची एक नवी तरतूद मात्र आहे: कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने 15 दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम भरावयाची. वीस वर्षे झडपा घासलेल्या माणसाने तेवढ्यावर बॅटरीचे काम शिकावयाचे आहे.