काळी, पांढरी आणि उजनीचे पाणी

मराठी मुलखात गावाच्या जमिनीचे काळी आणि पांढरी असे दोन भाग जुन्या काळापासून मानले जातात. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षे एकाच जागी घरे पडत आणि पुन्हा उभी राहत गेली की राख, शेण, हाडे, खापऱ्या आणि मातीच्या भिंतींचा चुरा यांचे थर साचून जे उंचवटे तयार होतात त्यांनाही पांढर म्हणतात, आणि दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन व सातवाहनकालीन वसाहतींचा फार मोठा पुरावा याच उंचवट्यांतून हाती आला आहे. शेतकऱ्यालाही पांढरीचे मोल ठाऊक होते, पण निराळ्या कारणाने: ही माती खत म्हणून रानात जाई, माळवदावर पसरली जाई, त्यामुळे कितीतरी पांढरी धरणांच्या आधीच बैलगाडीने हळूहळू निघून जात होत्या.

माढा तालुक्यात भीमेवर बांधलेले उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या फुगवट्याखाली करमाळा, इंदापूर या तालुक्यांतील नदीकाठची जुनी गावठाणे गेली. अशा बुडीत क्षेत्रात पाणी येण्यापूर्वी घाईने केल्या जाणाऱ्या खोदकामाला बचाव उत्खनन म्हणतात. एरवी पुराविद आधी प्रश्न ठरवतो आणि मग जागा निवडतो; येथे जागा प्रकल्प नेमून देतो आणि मुदत पावसाळा ठरवतो, आणि एकदा उकरलेला थर पुन्हा रचता येत नसल्यामुळे घाईत झालेली चूक कायमची राहते.

वाचवायचे ते नेमके काय, याबद्दलही एकमत नसते. इंदापूर तालुक्यातील पळसदेवच्या ग्रामस्थांनी देव नव्या गावठाणात नेला आणि पळसनाथाचे जुने मंदिर पाण्यात राहिले. गावाच्या लेखी दैवत वाचले, अभ्यासकाच्या लेखी वास्तू गेली, आणि यांपैकी कोणालाही चूक म्हणता येत नाही. उजनीच्या सुमारे ११७ टीएमसी साठ्यापैकी सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरासाठी न धरलेले तळाचे पाणी, असल्यामुळे धरण ‘शून्य टक्के’ झाले तरी निम्म्याहून अधिक भरलेलेच असते, आणि उणे आकडा बराच खाली गेल्यावरच ते मंदिर उघडे पडते. दगड असा टिकून राहतो, पांढर टिकत नाही. पाण्याची कड दरवर्षी वर-खाली होताना लाटा बारीक माती धुऊन नेतात, जड खापऱ्या तेवढ्या मागे उरतात, आणि हजार वर्षांच्या अंतराच्या वस्तू एकाच पातळीवर येऊन पडल्या की त्यांचा काळ सांगणारा थरांचा क्रम नाहीसा होतो. उन्हाळ्यात छायाचित्रे मात्र मंदिराचीच निघतात.

विस्थापितांपुढे हा विषय मांडणे अधिकच अवघड आहे. महाराष्ट्राचा पहिला पुनर्वसन कायदा १९७६ सालचा, म्हणजे उजनीचे काम सुरू झाल्यानंतरचा. ज्याची काळी आणि पांढरी दोन्ही बुडाली त्याला खापऱ्यांची काळजी हा रिकाम्या लोकांचा उद्योग वाटला तर नवल नाही. शिवाय याच पाण्यावर सोलापूर जिल्ह्यातला ऊस उभा आहे.

कृष्णाकाठच्या नागार्जुनकोंडा येथे १९५४ ते १९६० या काळात रा. सुब्रह्मण्यम् यांच्या देखरेखीखाली संपूर्ण खोरे खोदले गेले आणि निवडक वास्तू उंचावर पुन्हा उभारल्या गेल्या. भारतातील बचाव उत्खननाचा आदर्श म्हणून त्याचे नाव घेतले जाते व ते योग्यच आहे. परंतु त्याच्या अहवालाचा पहिला खंड १९७५ मध्ये आणि दुसरा २००६ मध्ये निघाला, आणि दरम्यान शंका पडताळायला मूळ जागाच उरली नव्हती. युरोपात १९९२ च्या व्हॅलेटा करारानंतर अशा कामाचा खर्च प्रकल्पावर टाकण्याचे तत्त्व रुजले, मात्र त्यातून दुसरा पेच निघाला: ज्याचे काम थांबवायला सांगायचे, तोच पुराविदाचा पगार देतो. भारतात १९५८ चा केंद्रीय कायदा संरक्षित म्हणून घोषित झालेल्या स्थळांपाठीशी उभा राहतो, आणि गावोगावच्या बहुतेक पांढरींची तशी घोषणा झालेलीच नाही.

त्यामुळे सर्वांत स्वस्त बचाव म्हणजे धरणाची रेषा आखली जाण्यापूर्वी गावे पायी हिंडून केलेली नोंद. उजनीच्या खालच्या अंगाला, भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग कुडल येथे संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे; सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला, आणि त्यासाठी जमीन खणावी लागली नाही, तुळईकडे मान वर करून पाहावे लागले.