समुद्र सांगोल्यात कसा येतो? खाऱ्या टाकीची गोष्ट

आजचा प्रश्न ऐकायला गंमतीशीर आहे: सांगोल्यासारख्या दुष्काळी तालुक्यात, समुद्रापासून इतक्या लांब, घरात खाऱ्या पाण्याचा रीफ टँक करता येतो का?

येतो. आणि त्याचं श्रेय जातं फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गअभ्यासकाला. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, त्यातले जीव गोळा करण्यात गॉस पुढे होता. 1854 मध्ये त्याचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं. त्याच सुमारास त्याने वेगवेगळे क्षार मोजून साध्या पाण्यात मिसळले आणि समुद्राचं पाणी घरीच बनवलं. म्हणजे समुद्र गावात नसला तरी चालेल! आज पाकिटात मिळणारं मरीन सॉल्ट याच कल्पनेचं पुढचं रूप.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. पुस्तक इतकं गाजलं की इंग्लंडमध्ये घरोघरी टाक्या आल्या आणि लोकांनी किनाऱ्यावरची डबकी अक्षरशः ओरबाडली. गॉसच्या मुलाने, एडमंडने, 1907 च्या आपल्या पुस्तकात याची खंत मांडली. ज्याने समुद्रावर प्रेम करायला शिकवलं, त्याच्याच वाचकांनी किनारा रिकामा केला.

आपल्याकडे मुंबईत 1951 मध्ये तारापोरवाला मत्स्यालय उघडलं, राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते. मरीन ड्राइव्हवर रांगा लावून लोकांनी समुद्रातले मासे पाहिले. पुढे 1961 मध्ये इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत जगासमोर मांडली: टाकीत समुद्रातला जिवंत खडक ठेवायचा, हवेचे बुडबुडे सोडायचे. खडकातले जिवाणूच पाणी साफ ठेवतात. आजचे रीफ टँक याच पायावर उभे आहेत. पण खडक आणि प्रवाळ पुन्हा समुद्रातूनच यायचे ना?

म्हणून 2001 हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी खडक बांधणारी प्रवाळं, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. म्हणजे वाघाच्या रांगेत! समुद्रातून काढलेलं असं प्रवाळ विकत घेणं हा गुन्हा आहे, मग ते ऑनलाइन मिळो की दुकानात.

मग सांगोल्यात सुरुवात कशी करायची? कोरडा किंवा सिरॅमिकचा खडक, बाटलीतले जिवाणू आणि आरओचं पाणी घ्या. बोअरचं पाणी नको, त्यात आधीच क्षार असतात. लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार, म्हणजे 60 लिटरच्या टाकीला दोन किलोच्या वर मीठ. मग मासे न टाकता चार ते सहा आठवडे थांबा. तोवर जिवाणू वाढतात आणि विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, मीठ मात्र मागेच राहतं; म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. आणि चाळिशीपार उन्हात टाकी 25-26 अंशांवर ठेवायची सोय आधी बघा. ठिबकवर डाळिंब जगवणाऱ्या माणसाला हे मोजमाप काही नवीन नाही.

मासा घ्यायचा तर हॅचरीत जन्मलेला क्लाउनफिश घ्या. त्याची पैदास आता आपल्याकडे, ऐरोलीतही, होते. दुकानदाराला किंमत नंतर विचारा. पहिला प्रश्न हाच: हा आला कुठून? गॉसच्या वाचकांनी तो विचारला नव्हता.

भेटूया पुढच्या भागात. ऐकत राहा!