मोबाइल ब्राउझर आणि खासगी फाइली : २०१०च्या एका त्रुटीची कहाणी

मोबाइल फोनवरील ब्राउझर दोन जगांच्या सीमेवर उभा असतो. सीमेच्या एका बाजूला जगात कोणीही तयार केलेली संकेतस्थळे असतात, तर दुसऱ्या बाजूला फोनच्या मालकाची छायाचित्रे, कागदपत्रे आणि पत्रव्यवहार. बाहेरून आलेल्या पानाने फोनमधील फाइली वाचू नयेत, हा या सीमेवरचा मूलभूत नियम आहे. ॲण्ड्रॉइड प्रणालीसोबत येणाऱ्या ब्राउझरमध्ये हा नियम मोडता येतो, हे ब्रिटनमधील सुरक्षा संशोधक थॉमस कॅनन यांनी नोव्हेंबर २०१०मध्ये उघडकीस आणले. सुरक्षा त्रुटींच्या जागतिक सूचीत तिची नोंद ‘सीव्हीई-२०१०-४८०४’ या क्रमांकाने झाली. ही त्रुटी दूर होऊन बराच काळ लोटला आहे. तरीही ती कशी निर्माण झाली आणि तिच्यावरचा उपाय वापरकर्त्यांपर्यंत पोहोचणे का अवघड होते, हे समजून घेणे आजही उपयुक्त आहे.

उगमाचा नियम

वेबपानांमध्ये जावास्क्रिप्ट ही आज्ञावली चालू लागल्यापासून, म्हणजे १९९५च्या सुमारास नेटस्केप नेव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीपासून, ब्राउझर एक दंडक पाळत आले आहेत. एका उगमाच्या पानातील आज्ञावलीला दुसऱ्या उगमाच्या पानातील मजकूर वाचता येत नाही. पत्त्याच्या आरंभीचा शिष्टाचार, संकेतस्थळाचे नाव आणि पोर्ट क्रमांक या तिन्ही गोष्टी जुळल्या, तरच उगम एक मानला जातो. एका खिडकीत बँकेचे पान आणि दुसऱ्या खिडकीत एखादे अनोळखी संकेतस्थळ उघडे असले, तरी त्या संकेतस्थळाला बँकेचा तपशील दिसत नाही, तो या दंडकामुळेच.

पान फोनमध्येच साठवलेले असेल तर मात्र अडचण उद्भवते. अशा पानाला संकेतस्थळाचे नाव नसते, मग त्याचा उगम कोणता मानायचा? या प्रश्नाची उत्तरे निरनिराळ्या ब्राउझरांनी निरनिराळी दिली. अनेकांनी स्थानिक पानाला झुकते माप दिले. पान आपल्याच यंत्रातून उघडले आहे, तेव्हा ते मालकाचेच असणार, असा त्यामागील समज होता. घरात सापडलेली प्रत्येक वस्तू घरातल्यांनीच आणलेली असते, असे मानण्यासारखेच हे होते.

चार साध्या पायऱ्या

कॅनन यांनी दाखवलेल्या हल्ल्यातील एकही पायरी स्वतंत्रपणे पाहिली तर फारशी भयावह नव्हती. पहिली पायरी डाउनलोडची. ॲण्ड्रॉइडचा तेव्हाचा ब्राउझर काही फाइली उतरवून घेताना वापरकर्त्याची संमती विचारत नसे. संकेतस्थळाने पाठवलेली एचटीएमएल फाइल मुकाट्याने एसडी कार्डावरील ‘डाउनलोड’ या कप्प्यात जाऊन बसे.

दुसरी पायरी ती फाइल उघडण्याची. कप्प्याचे नाव ठरलेले आणि फाइलीचे नाव हल्लेखोराने स्वतः दिलेले, त्यामुळे तिचा पूर्ण पत्ता त्याला आधीच ठाऊक असे. फोनमधील सामग्रीकडे आडवाटेने नेणारा, ‘कंटेंट’ या शब्दाने सुरू होणारा पत्ता वापरून मूळ पानातील जावास्क्रिप्ट ती फाइल ब्राउझरमध्ये उघडू शकत असे. तिसऱ्या पायरीवर ते पान स्थानिक ठरे आणि त्यातील जावास्क्रिप्ट, काहीही न विचारता, फोनमधील इतर फाइली वाचू लागे. चौथ्या पायरीवर वाचलेला मजकूर हल्लेखोराच्या संकेतस्थळाकडे रवाना होई. वापरकर्त्याने एखादा दुवा उघडावा, एवढेच या हल्ल्याला पुरेसे होते.

एसडी कार्डच का?

ॲण्ड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला लिनक्स प्रणालीतील स्वतंत्र वापरकर्ता मानले जाते. परिणामी एका ॲपच्या खासगी कप्प्यात दुसऱ्याला शिरता येत नाही. कॅनन यांचा हल्लाही या कुंपणाबाहेर जात नव्हता. ब्राउझरला जे वाचता येई, तेवढेच त्याच्या हाती लागे. त्यामुळे इतर ॲपच्या खासगी कप्प्यांतील माहिती त्याच्या आवाक्याबाहेर होती.

एसडी कार्ड मात्र कुंपणाबाहेरचे अंगण होते. कार्ड काढून संगणकाला जोडता यावे, यासाठी त्यावर फॅट ही जुनी फाइल व्यवस्था वापरली जाई. या व्यवस्थेत फाइल कोणाच्या मालकीची आहे, याची नोंदच नसते. त्या काळी कोणत्याही ॲपला कार्डावरील फाइली वाचण्यासाठी वेगळी परवानगी लागत नसे. फोनची अंतर्गत साठवण तुटपुंजी असल्याने वापरकर्त्याची छायाचित्रे आणि कागदपत्रे याच कार्डावर असत. सर्वांत खासगी ऐवज सर्वांत कमी बंदोबस्ताच्या जागी होता.

या हल्ल्याला आणखी एक मर्यादा होती. हव्या असलेल्या फाइलीचे नाव आणि ठिकाण हल्लेखोराला आधी माहीत असावे लागे. ही अट दिसते तितकी कठीण नव्हती. कॅमेऱ्याने काढलेली छायाचित्रे ठरावीक कप्प्यात, ठरावीक पद्धतीच्या नावांनी साठवली जातात आणि अनेक ॲपही आपल्या फाइलींना अंदाज बांधता येईल अशी नावे देतात.

दुरुस्ती आणि तिचा प्रवास

कॅनन यांनी ही बाब प्रथम गुगलच्या ॲण्ड्रॉइड सुरक्षा पथकाला कळवली. पथकाने अवघ्या २० मिनिटांत प्रतिसाद देऊन तपास सुरू केला. सर्वसाधारण संकेत असा, की उपाय वापरकर्त्यांपर्यंत पोहोचेपर्यंत संशोधकाने मौन पाळावे. कॅनन यांनी मात्र काही दिवसांतच त्रुटी जाहीर केली. गुगलने दुरुस्ती कितीही तत्परतेने तयार केली, तरी ती वाजवी मुदतीत सर्वांच्या फोनवर पोहोचणार नाही, ही त्यामागील भूमिका होती. दुरुस्ती येईपर्यंतचे उपायही त्यांनी सुचवले. ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट बंद ठेवावी, आपोआप सुरू होणाऱ्या डाउनलोडकडे लक्ष ठेवावे, डाउनलोडपूर्वी विचारणा करणारा ऑपेरा मोबाइलसारखा दुसरा ब्राउझर वापरावा अथवा कार्ड फोनपासून विलग करावे, असे ते उपाय होते.

ही भूमिका समजण्यासाठी त्या काळची वितरणाची साखळी लक्षात घ्यावी लागेल. ब्राउझर हा मूळ प्रणालीचाच भाग असल्याने केवळ तेवढाच बदलण्याची सोय नव्हती. गुगलने केलेली दुरुस्ती फोन बनवणाऱ्या कंपनीने आपल्या प्रत्येक मॉडेलसाठी जुळवून घ्यायची, अनेक देशांत दूरसंचार कंपनीने ती तपासायची आणि त्यानंतर ती ग्राहकाला मिळायची. नवे मॉडेल बाजारात आल्यावर जुन्यासाठी हा खटाटोप करण्याचे कारण कंपनीला उरत नसे.

डिसेंबर २०१०मध्ये ॲण्ड्रॉइडची २.३ ही आवृत्ती आली. तिच्यातील उपायही अपुरा ठरला. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाचे प्राध्यापक शुशियान जियांग यांनी जानेवारी २०११मध्ये नेक्सस एस या फोनवर तो चुकवून दाखवला. कार्डावरील फाइली आणि फोनवरील ॲपची यादी पुन्हा बाहेर पाठवता येत होती. सूचीतील नोंदीनुसार २.३.४च्या आधीच्या आवृत्त्या या त्रुटीने बाधित होत्या.

पुढील बदल

त्यानंतरच्या वर्षांत भिंत दोन्ही बाजूंनी उंचावण्यात आली. २०१३च्या ४.४ आवृत्तीपासून कार्ड वाचण्यासाठी परवानगी सक्तीची झाली. २०१४मध्ये आलेल्या ५.० आवृत्तीपासून ॲपच्या आत वेबपाने दाखवणारा ‘वेबव्ह्यू’ हा घटक प्ले स्टोअरमधून स्वतंत्रपणे अद्ययावत होऊ लागला. ऑगस्ट २०१५पासून गुगल दरमहा सुरक्षा पत्रक प्रसिद्ध करू लागले. २०१९च्या ॲण्ड्रॉइड १०मध्ये प्रत्येक ॲपला सामायिक साठवणीतील मर्यादित भागच दिसावा, अशी व्यवस्था आली आणि पुढील वर्षीच्या ॲण्ड्रॉइड ११मध्ये ती अधिक कडक झाली.

मूळ समज मात्र सहजासहजी हटला नाही. एकाच कप्प्यातील फाइली एकाच उगमाच्या मानण्याची पद्धत फायरफॉक्सने जुलै २०१९मधील ६८व्या आवृत्तीत बंद केली. ॲण्ड्रॉइडवरील एका लोकप्रिय संदेश ॲपमधून आलेली एचटीएमएल फाइल फायरफॉक्समध्ये उघडली, तर त्याच कप्प्यातील इतरांकडून आलेल्या फाइली वाचता येतात, हे एका संशोधकाने दाखवले होते. फाइलींना अंदाज बांधता येणारी नावे आणि स्थानिक पानावरचा विश्वास ही २०१०मधील जोडगोळीच येथे पुन्हा भेटली.

वापरकर्त्यांसाठी

ब्राउझर आणि वेबव्ह्यू अद्ययावत ठेवणे हा पहिला उपाय. दुसरा, आपण न मागितलेली फाइल उतरलेली दिसल्यास ती न उघडता काढून टाकणे. संदेशासोबत आलेली एचटीएमएल फाइल हे छायाचित्र किंवा साधा कागद नसून चालणारी आज्ञावली असू शकते, हे ध्यानात ठेवावे. गरज नसताना ब्राउझरला फाइलींची परवानगी देऊ नये. भारत सरकारची ‘सर्ट-इन’ ही संस्था ॲण्ड्रॉइड आणि ब्राउझरमधील त्रुटींविषयी वेळोवेळी सूचना प्रसिद्ध करते, त्या पाहाव्यात.

घरातील जुना फोन मुलांच्या किंवा ज्येष्ठांच्या हाती देताना विशेष काळजी घ्यावी. सेटिंग्जमध्ये सुरक्षा अद्यतनाची तारीख दिसते. ती कित्येक वर्षांपूर्वीची असेल, तर त्यानंतर प्रणालीत सापडलेल्या त्रुटींची दुरुस्ती त्या फोनपर्यंत आलेली नाही, असे समजावे. अशा फोनवर बँकेचे व्यवहार करू नयेत आणि कुटुंबाची छायाचित्रे वा ओळखपत्रांच्या प्रतीही ठेवू नयेत.