एका उपपदाची घटना

अरबीत ‘अल्’ असते, इंग्रजीत ‘द’. मराठीत तसे उपपद नाही. त्यामुळे इजिप्तच्या राज्यघटनेतला एक गाजलेला बदल मराठीत सांगताना पंचाईत होते. १९७१ च्या घटनेतील कलम २ नुसार इस्लामी शरियतची तत्त्वे हा कायदेनिर्मितीचा ‘मस्दर रईसी’, म्हणजे एक प्रमुख स्रोत होता. मे १९८० मध्ये त्याचे ‘अल्-मस्दर अर्-रईसी’ झाले. दोन उपपदे आली आणि ‘एक’ गेले. आता प्रमुख स्रोत तोच. (त्याच दुरुस्तीने राष्ट्राध्यक्षाला कितीही वेळा निवडून येण्याची वाट मोकळी केली. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सादात यांना दोहोंपैकी कशाची निकड अधिक होती, हे वाचकाने ठरवावे.)

या विषयाकडे नव्याने वळणारा माणूस बहुधा एकच प्रश्न घेऊन येतो : शरियत श्रेष्ठ की घटना? तो प्रश्न चपलांबरोबर दाराशी ठेवून आत यावे, ही विनंती. आतला पेच निराळा आहे : शरियत काय म्हणते, हे सांगायचे कोणी? शतकानुशतके ते काम फकिहांचे, म्हणजे इस्लामी कायदेपंडितांचे होते आणि त्यांच्यात मतभेद असणार, हे गृहीतच होते. पुढे कायदा छापील संहितेत गेला आणि अर्थ लावण्याचे काम विद्यापीठात फ्रेंच वळणाचा कायदा शिकलेल्या न्यायाधीशांकडे आले.

१९८५ चा खटला यासाठीच वाचावा. कैरोच्या अल्-अझहर या इस्लामी विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागाने शस्त्रक्रियेची उपकरणे घेतली आणि पैसे थकवले. थकबाकी ४ टक्के व्याजासह द्या, असा हुकूम झाला. व्याज म्हणजे रिबा, रिबा निषिद्ध, सबब नागरी संहितेचे कलम २२६ घटनाबाह्य, असा अझहरचा युक्तिवाद. सर्वोच्च घटना न्यायालय रिबाच्या वादात शिरलेच नाही. १९८० च्या दुरुस्तीचे बंधन त्यानंतरच्या कायद्यांवर आहे, एवढेच सांगून त्याने १९४८ ची संहिता वाचवली. याला कोणी पळवाट म्हणतात. मला ते शहाणपण वाटते.

ती संहिता रचली इजिप्तचे कायदेपंडित अब्दुल रज्जाक अल्-सन्हूरी यांनी. ती अमलात आली त्या १९४९ सालीच आसफ अली असगर फैजी भारताचे राजदूत म्हणून कैरोला गेले. माथेरानला जन्मलेले, मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले फैजी मुस्लिम कायद्याचे मोठे अभ्यासक. तेव्हा मराठी मुलुखातल्या वाचकाने या दालनात बिचकत येण्याचे कारण नाही.

न्यायालयाची खरी कसोटी १९९६ मध्ये लागली. शाळेत नकाबने चेहरा झाकण्यावरील सरकारी बंदीविरुद्ध एक पिता आपल्या मुलींसाठी उभा राहिला. न्यायालयाने दोन कप्पे केले. जे वचन प्रमाण म्हणून निःसंशय आणि ज्याचा अर्थही निःसंशय, ते अढळ. बाकी सारे इज्तिहादचे, म्हणजे काळानुसार विचार करून ठरवण्याचे क्षेत्र. नकाब दुसऱ्या कप्प्यात गेला, बंदी टिकली. स्त्रीला खुला, म्हणजे पत्नीच्या मागणीवरून होणारा घटस्फोट, मागून विवाहातून मोकळे होऊ देणारा २००० चा कायदाही २००२ मध्ये याच न्यायालयात तरला. पहिल्या कप्प्यात नेमके काय, याची यादी मात्र न्यायालयाने कधी दिली नाही.

२०१२ च्या घटनेने कलम २१९ घालून ‘तत्त्वे’ म्हणजे काय, हे सुन्नी परंपरेच्या भाषेत सांगू पाहिले. २०१४ मध्ये ते कलम गेले आणि अर्थासाठी प्रास्ताविकाने न्यायालयाच्या निकालांकडेच बोट दाखवले. कलम २ मधली दोन्ही उपपदे जागच्या जागी आहेत.