भातलावणीचा अबोल संप

संप म्हटला की आम्हां युनियनवाल्यांच्या डोळ्यांपुढे गिरणीचा दरवाजा, बावटा आणि घोषणा उभ्या राहतात. आज ज्या संपाची हकीकत आम्ही सांगणार आहोत, त्यात यांपैकी काहीच नव्हते.

मलेशियाच्या वायव्येस केडाह राज्यात मुदा नदीच्या नावाने ओळखले जाणारे भाताचे सपाट मैदान आहे. तेथल्या सुमारे ७० घरांच्या एका मलायी खेड्यात जेम्स स्कॉट हे अमेरिकन अभ्यासक १९७८ ते १९८० या काळात राहिले. गावाचे खरे नाव झाकून त्यांनी त्यास ‘सेदाका’ म्हटले. त्यांचा ग्रंथ १९८५ साली निघाला. आम्ही सांगतो ते बहुतेक त्याच्याच आधारे.

पूर्वी येथे एकच पीक निघे. बायका रोपे लावीत, कापणी करीत. पुरुष पेंढ्या लाकडी टबात झोडपीत. सुगीत धनी मजुराला जकातीपोटी थोडे भात देई आणि मागे उरलेला सरवा गरिबांची बायकापोरे वेचीत. पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून दोन धरणे झाली, १९७० पासून पाणी आले आणि दुबार पीक निघू लागले. काही वर्षे गरिबाच्या घरीही दोन सुगींची मजुरी आली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मग कापणी-मळणीचे यंत्र आले. १९८० पर्यंत मैदानातील सुमारे ८० टक्के भात तेच कापू लागले. कापणी गेली, झोडपणी गेली, सरवाही गेला. धन्याला मजुराची गरज उरली नाही तशी जकातही आटली. खंडाचेही तेच. पूर्वी तो पीक हाती आल्यावर द्यावयाचा. आता आगाऊ रोख मागू लागले. ज्या कुळापाशी रोकड नाही त्याने काय करावे?

आरंभी कोणी यंत्राच्या टाकीत वाळू-चिखल टाकला, कोणी वाटेवर झाड आडवे पाडले. पण बायकांपाशी याहून पक्के हत्यार होते. लावणी अजून हातानेच होत असे. ज्याने यंत्र लावले त्याच्या शेतात उतरावयाचे नाही, असे त्यांच्या टोळ्यांनी आपसात ठरविले. उघड नकार मात्र नाही. दुसरीकडचे काम संपले नाही, अंग दुखते, बघू पुढे! ज्यांच्याकडून उद्या उसने मागावयाचे त्यांच्या तोंडावर नाही कसे म्हणणार? आम्हांस यात भित्रेपणा दिसत नाही; शहरातल्या कामगाराला असे शेजारी राहणाऱ्या मालकाशी झगडावे लागत नाही. गावातल्या एका टोळीने दुसरीचे सोडलेले काम उचलले नाही, ही गोष्ट तर आमच्या कित्येक सभासदांनी ऐकण्यासारखी आहे.

रोपे वाढत चालली तेव्हा धनी मंडळींनी बाहेरून मजूर आणण्याची हालचाल केली. टोळ्या शेतात उतरल्या.

१९८० नंतर मैदानात रोपे लावण्याऐवजी बी फोकून पेरण्याची रीत पसरत गेली, आणि जे काम अडवून बायकांनी जोर लावला होता, ते कामच हळूहळू उरले नाही.