स्वस्त हत्ती आणि त्याचा चारा

इंदूर शहरात विजेचा पुरवठा सुरू झाला १९०६ साली, होळकर संस्थानाच्या अमदानीत. पुढे कापड गिरण्यांचे भोंगे वाजू लागले, गिरणी कामगारांनी अनंत चतुर्दशीच्या झाँक्या सुरू केल्या आणि दिव्यांच्या त्या मिरवणुकीला आज सुमारे शंभर वर्षे होत आली. देपालपूर इंदूरपासून अवघ्या चाळीसेक किलोमीटरवर. पण तालुक्याच्या गावात आणि खेड्यापाड्यांत वीज पोहोचायला त्यानंतर बराच काळ जावा लागला. दिवा आला, मग पंखा, विहिरीवरची मोटर, फ्रिज, टीव्ही. घरातली प्रत्येक नवी वस्तू आपल्या वडीलधाऱ्यांनी एकच प्रश्न विचारून पारखली : "बिल किती येईल?"

हा प्रश्न आता एका वेगळ्याच वस्तूबाबत विचारायची वेळ आली आहे. आपल्या घरांतली मुले व्हिडिओ एडिटिंग शिकतात, थ्री-डी चित्रे करतात, प्रोग्रामिंगचा अभ्यास करतात. त्यांना दमदार संगणक हवा असतो आणि नवा घ्यायचा तर खिशाला परवडत नाही. मग कुणीतरी सांगते, इंदूरला सिल्व्हर मॉलमध्ये चौकशी कर, नाहीतर ऑनलाइन बघ. सर्व्हरचा जुना झिऑन प्रोसेसर घे, एकेकाळी लाखाच्या घरातला माल आता मिक्सरच्या किमतीत मिळतो. गोष्ट खरी आहे. पण तो इतका स्वस्त का झाला, हे समजून घेतल्याशिवाय व्यवहार करू नये. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

संगणक आणि वीज यांची सोबत पहिल्या दिवसापासूनची आहे. १९४६ साली अमेरिकेत जगासमोर आलेल्या एनिअॅक या यंत्रात सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह होते आणि ते १५० किलोवॅट वीज खात असे. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक उभा राहिला. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. व्हॉल्व्ह म्हणजे जवळजवळ छोटा दिवाच. तो तापणार, आणि त्याची उष्णता बाहेर काढण्यासाठी पुन्हा वीज लागणार. ट्रान्झिस्टर आले आणि यंत्रे लहान झाली. १९७१ मध्ये इंटेलने ४००४ ही चिप बाजारात आणली आणि संगणकाचे डोके बोटाच्या पेरावर मावू लागले. तरी हिशोब तोच राहिला : काम हवे तर वीज द्या, आणि वीज दिली की उष्णता सोसा.

हा हिशोब मराठी माणसाने फार मोठ्या पातळीवर मांडला तो पुण्यात. हवे ते महासंगणक परदेशातून मिळेनात, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. नंतर २००७ च्या नोव्हेंबरात पुण्याच्याच 'एका' या टाटांच्या महासंगणकाने जगाच्या यादीत चौथा क्रमांक मिळवला. त्याच्या आखणीत ज्यांचा वाटा होता ते गणितज्ञ नरेंद्र करमरकर जन्माने ग्वाल्हेरचे, म्हणजे आपल्या बृहन्महाराष्ट्रातलेच. 'एका'त चौदा हजारांहून अधिक कोर होते आणि ते सगळे इंटेलच्या झिऑन प्रोसेसरांतले. जागतिक यादीत त्याच्या नावापुढे विजेचा आकडा आहे ७८६ किलोवॅट.

फेब्रुवारी २०१३ मध्ये सी-डॅकने 'परम युवा-२' सादर केला. खर्च १६ कोटी रुपये आणि क्षमता ५२४ टेराफ्लॉप. आधीच्या यंत्रणेपेक्षा हा ३५ टक्के कमी वीज घेईल, असे तेव्हा सांगितले गेले. महासंगणकाची ओळख करून देताना वेगाच्या जोडीला वीजबचतही सांगावी लागली, ही काळ बदलल्याची खूण होती. या 'परम युवा-२'मध्ये बसवलेला मुख्य प्रोसेसर होता झिऑन ई५-२६७०. हे नाव लक्षात ठेवू या, कारण आज जुन्या बाजारात हिंडणाऱ्या मुलांच्या तोंडीही तेच असते.

ई५-२६७० मार्च २०१२ मध्ये आला. आठ कोर, ११५ वॅट, आणि कंपनीने जाहीर केलेली किंमत १,५५२ डॉलर. त्या वेळच्या दराने साधारण ७८ हजार रुपये. त्याच पिढीतला घरगुती संगणकाचा उत्तम प्रोसेसर, चार कोरचा आय७-२६००के, ३१७ डॉलरला मिळत होता. पाचपट किमतीला सर्व्हरचा प्रोसेसर कोण घेणार? ज्याचे यंत्र वर्षाचे ३६५ दिवस, रात्रंदिवस चालते, तोच. बँक, रेल्वे आरक्षण, महासंगणक. अशा प्रोसेसरात मेमरीतली चूक स्वतः पकडून दुरुस्त करण्याची सोय असते, खूप जास्त मेमरी जोडता येते आणि एकाच बोर्डावर दोन प्रोसेसर बसतात. ग्राहक मुख्यतः या भरवशाचे पैसे मोजत असतो.

कोरची संख्या वाढत गेली त्यालाही वीजच कारण आहे. १९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले होते की ट्रान्झिस्टर लहान करत गेले तर तेवढ्याच जागेत लागणारी वीज साधारण तेवढीच राहते. तीस वर्षे हा नियम उद्योगाला पुरला. २००४ च्या सुमारास तो थकला. प्रोसेसर शंभर वॅटच्या पलीकडे जाऊ लागले आणि केवळ वेग वाढवणे अशक्य होऊन बसले. वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावे लागते, आणि व्होल्टेज वाढले की वीज त्याहून कितीतरी झपाट्याने वाढते. म्हणून एका धावत्या घोड्याऐवजी सावकाश चालणाऱ्या बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्यात, तसे अनेक कोर एकाच चिपवर आले.

आता मूळ प्रश्न. ७८ हजारांचा प्रोसेसर चार वर्षांत, म्हणजे २०१६ च्या सुमारास, ६०-७० डॉलरला का विकला जाऊ लागला? तो बिघडला होता का? अजिबात नाही. मोठ्या डेटा सेंटरांनी हजारोंच्या संख्येने ते काढून टाकले, कारण चालवायला ते परवडेनात. डेटा सेंटरमध्ये प्रोसेसरच्या विजेवर थंडाव्याची वीजही मोजावी लागते. अमेरिकी सरकारच्या २००७ मधल्या एका अहवालात २००६ साली त्या देशातील डेटा सेंटरांनी सुमारे ६१ अब्ज युनिट, म्हणजे देशाच्या एकूण वापराच्या दीड टक्का वीज घेतल्याचे नमूद आहे. एवढ्या बिलापुढे नव्या यंत्राची किंमत किरकोळ ठरते. तेवढ्याच विजेत दुप्पट काम करणारी पिढी आली की जुनी बाहेर. थोडक्यात, हत्ती म्हातारा झाला म्हणून विकला नाही. चारा महाग पडतो म्हणून विकला. ज्या कारणासाठी पहिल्या धन्याने तो सोडला, तेच कारण दुसऱ्या धन्याच्या दारात येऊन उभे राहते.

आता हाच हिशोब आपल्या मीटरवर मांडू. चिपवर लिहिलेले ११५ वॅट हा आकडा मुख्यतः उष्णता वाहून नेण्यासाठी असतो. मीटर मात्र सबंध यंत्र मोजतो. दोन प्रोसेसर, मोठे बोर्ड, मेमरीच्या आठ पट्ट्या, पंखे, ग्राफिक्स कार्ड. असे यंत्र नुसते चालू ठेवले तरी १०० वॅट घेते असे धरू, आणि भरपूर कामात ३०० वॅट. रोज चार तास नेटाने काम केले तर महिन्याला ३६ युनिट. पण मुलाने ते रात्रंदिवस चालू ठेवले आणि काम काहीच केले नाही, तरी ७२ युनिट. म्हणजे कष्टाच्या दुप्पट बिल रिकामपणाचे!

खरी मेख पुढे आहे. मध्य प्रदेशात गृह ज्योती योजनेखाली महिन्याला १५० युनिटांपर्यंत वापर असलेल्या घराला पहिल्या १०० युनिटांसाठी १०० रुपयेच द्यावे लागतात. १५० ची मर्यादा ओलांडली की ही सवलत त्या महिन्यापुरती जाते. समजा आपल्या घराचा वापर १२० युनिट आहे. सोयीसाठी युनिटला सरासरी ६ रुपये धरू आणि स्थिर आकार, कर वगैरे बाजूला ठेवू. आज बिल होते २२० रुपये. त्यात हे ७२ युनिट मिळवले की वापर १९२ आणि बिल १,१५२ रुपये. फरक ९३२ रुपयांचा. त्यातले ४३२ रुपये यंत्राने खाल्लेल्या विजेचे, आणि ५०० रुपये हातची सवलत गेल्याचे. वर्षाला ही रक्कम ११ हजारांवर जाते. प्रोसेसर मात्र मिक्सरच्या किमतीत मिळाला होता!

दुसऱ्या पारड्यातही टाकायला आहे. २०२२ मधला आय५-१२४०० हा साधा सहा कोरचा घरगुती प्रोसेसर. त्यावर ६५ वॅट लिहिलेले असते आणि पूर्ण जोर लागला तर तो ११७ पर्यंत जातो. बऱ्याच कामांत तो दोन जुन्या ई५-२६७० ची बरोबरी करतो, काहींत पुढेही जातो. घेताना महाग, चालवताना स्वस्त. वडीलधारी मंडळी शेतीची मोटर घेताना हेच बघत आली आहेत.

मग जुना झिऑन घेऊच नये का? तसे आम्ही म्हणणार नाही. ज्या मुलाला खूप मेमरी लागते, ज्याचे काम दिवसातून दोन-चार तासांचे आहे, आणि ज्याच्यापुढे नवे यंत्र की काहीच नाही असा पर्याय आहे, त्याच्यासाठी हे जुने यंत्र म्हणजे विद्येचे उघडलेले दार आहे. पुण्यातल्या महासंगणकात बसलेला प्रोसेसर देपालपूरच्या एखाद्या घरात अभ्यासाला मिळावा, ही काही लहान गोष्ट नव्हे. फक्त काही पथ्ये पाळावीत. दोनऐवजी एकच प्रोसेसर बसवावा. काम संपले की यंत्र बंद करावे; नुसता पडदा काळा करून भागत नाही. बाजारात प्लगला लावायचा छोटा वीजमापक मिळतो, तो आठवडाभर लावून आकडा वहीत लिहावा. आणि घरातला वापर महिनाअखेर १५० च्या किती जवळ जातो, हे बिल हातात घेऊन मुलालाच पाहू द्यावे. प्रोग्रामिंग शिकणाऱ्याला एवढे गणित जड नाही.

हा विषय एका पिढीपुरता नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये एएमडीने एपिक ९९६५ हा प्रोसेसर आणला : १९२ कोर, ५०० वॅट, किंमत १४,८१३ डॉलर. आज तो आपल्या स्वप्नातही नाही. पण ई५-२६७० चा इतिहास पाहता काही वर्षांनी त्याच्या पिढीचे भाऊबंदही जुन्या बाजारात उतरतील, कवडीमोलाने विकले जातील आणि आपल्या नातवंडांना खुणावतील. दारी हत्ती झुलावा असे कुणाला वाटत नाही? त्या वेळी नातवंडांनी किमतीची चिठ्ठी वाचून उडी मारण्याआधी घरातल्या आजोबांचा जुना प्रश्न विचारावा : बिल किती येईल? आणि त्याचे उत्तर काढण्याइतके गणित त्यांना आपणच, याच घरांत, आतापासून शिकवावे.